न्यू टाउनहून इंद्र रॉय रोडला

न्यू टाउन हे आधी कागदावर आखलेलं आणि मग जमिनीवर उतरवलेलं शहर आहे. राजारहाटची भातखाचरं आणि इथले लोक ज्यांना भेरी म्हणतात ती मासळीची उथळ तळी जिथे होती, तिथे आता रुंद रस्ते आहेत, काचेच्या इमारती आहेत आणि ‘अ‍ॅक्शन एरिया वन’, ‘अ‍ॅक्शन एरिया टू’ असे पत्ते आहेत. आतल्या बऱ्याच रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. माझी भाची इथे राहते, नोकरीला सेक्टर फाइव्हला जाते. जुन्या कोलकात्याच्या ओढीने आलेल्या माणसाला इथे सुरुवातीला करमत नाही. मला मात्र हळूहळू आवडायला लागलं. झाडं वाढली आहेत, फुटपाथ चालण्याजोगे आहेत, संध्याकाळी इको पार्कच्या तळ्यावरून वारा येतो. आणि डोक्यावरून सारखी विमानं जातात, कारण दमदमचा विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे.

भाचीचा मुलगा बारावीत आहे. चष्मा लावतो, आणि त्याला एनडीएत जायचंय. घरात हा विषय जेवताना काढायचा नाही, असं न बोलता ठरून गेलेलं. विषय निघालाच तर भाचीचा नवरा मान खाली घालून जेवतो आणि भाची पाणी आणायला उठते. मी आल्यामुळे पोराला ऐकणारं कुणीतरी मिळालं. एका सकाळी तो मला न्यू टाउनमधल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात घेऊन गेला. तिथे टुपोलेव्ह-१४२ हे प्रचंड विमान उभं आहे. नौदलाने ही सोव्हिएत विमानं १९८८ मध्ये घेतली. आधी ती आपल्या गोव्यात दाबोळीला होती, नंतर तमिळनाडूत अरक्कोणमला गेली. पाणबुड्यांच्या शोधात तासन् तास समुद्रावर फिरायची. २०१७ मध्ये त्यांना निरोप दिला गेला. एक विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ठेवलंय, एक इथे. एकेका इंजिनावर पात्यांचे दोन पंखे, एकामागे एक, उलटसुलट फिरणारे. पोरगं त्यांच्याखाली मान वर करून उभं राहिलं ते हलेचना.

मी त्याला विचारलं, “इंद्रलाल रॉय माहीत आहे का तुला?”

“हो आजी. फर्स्ट वर्ल्ड वॉर. तेरा दिवसांत दहा विमानं पाडली.”

“आणखी काय माहीत आहे?”

“एवढंच. दहा.”

हे ‘एवढंच’ माझ्या मनातून जाईना. वाटेत नझरुल तीर्थ लागलं. काझी नझरुल इस्लाम यांच्या नावाचं हे मोठं सांस्कृतिक केंद्र. कवी म्हणून नझरुल सगळ्यांना ठाऊक असतात. पण ते शिपाई होते हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. १९१७ मध्ये शाळा अर्धवट सोडून ते ४९व्या बंगाली पलटणीत भरती झाले. आघाडीवर जायची वेळ आली नाही, कराचीच्या छावणीत राहिले, हवालदार झाले, आणि १९२० मध्ये पलटण मोडल्यावर कोलकात्याला परतले. त्यांचा जन्म मे १८९९ चा. इंद्रलालचा डिसेंबर १८९८ चा, याच कोलकात्यातला. दोघांत जेमतेम सहा महिन्यांचं अंतर, आणि दोघांच्याही अंगावर गणवेश चढला तो १९१७ मध्येच. एकाच्या वाट्याला पुढे कविता, गाणी, तुरुंग, मोठं आजारपण, ढाक्यातलं मरण, असं सत्त्याहत्तर वर्षांचं आयुष्य आलं. दुसऱ्याच्या वाट्याला एकोणीस.

भवानीपूरमध्ये इंद्रलालच्या नावाचा रस्ता आहे हे मी वाचलं होतं. पोराला म्हटलं, चल, बघून येऊ.

न्यू टाउनहून सेक्टर फाइव्हपर्यंत टॅक्सी, तिथून मेट्रोने एस्प्लनेड, तिथे गाडी बदलून दक्षिणेकडे. जतीन दास पार्क या स्टेशनवर उतरलो. हे नावही एका तरुण मुलाचंच. भगतसिंगांच्या सोबत लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवस उपास करून सप्टेंबर १९२९ मध्ये गेलेले जतींद्रनाथ दास, वय २४. त्यांचं शव रेल्वेने कोलकात्याला आणलं तेव्हा लोटलेल्या गर्दीची वर्णनं आजही अंगावर येतात. त्यांच्यासाठी शहर रस्त्यावर आलं होतं, आणि ते योग्यच होतं. इंद्रलाल परत आलाच नाही. तो उत्तर फ्रान्समध्ये एस्तव्हेल नावाच्या गावच्या दफनभूमीत आहे.

विचारत विचारत गेलो. पानवाल्याने हात करून दाखवलं. इंद्र रॉय रोड म्हणजे भवानीपूरच्या जुन्या वस्तीतला एक नेहमीचा रस्ता. इंदिरा सिनेमा इथलाच, त्यामुळे लोकांना रस्ता ठाऊक आहे तो सिनेमामुळे. हिरव्या खडखड्यांच्या जुन्या खिडक्या, लोखंडी नक्षीचे सज्जे, सज्ज्यावर वाळत घातलेले गमछे, आणि मध्येच एखादी नवी उंच इमारत. एका घराच्या रोयाकावर, म्हणजे रस्त्याकडेच्या ओट्यावर, दोन वयस्क गृहस्थ मातीच्या भांड्यातून चहा घेत बसले होते. मी हिंदीत विचारलं, “दादा, हे इंद्र रॉय कोण?” एकाने मान हलवली. दुसरे म्हणाले, “पायलट छिलेन. युद्धे मारा गेछेन.” पायलट होते, युद्धात मारले गेले. मग जरा थांबून, “खूब कम बॉयेश.” फार लहान वय. एवढं बोलून त्यांनी सरकून मला बसायला जागा केली. पोराला त्यांनी स्वतःच्या खिशातले पैसे देऊन चहा आणायला पाठवलं. मी नको म्हटलं तर ऐकेनात.

त्या ओट्यावर बसून मी पोराला जे आठवत होतं ते सांगितलं. म्हाताऱ्यांनीही ऐकलं, हिंदी जमेल तितकं.

इंद्रलालचे वडील प्यारेलाल रॉय कोलकात्याचे नामांकित बॅरिस्टर. मूळ घराणं बारिसालकडचं, लाकुटियाचे जमीनदार. आई ललिता मुलांना शिक्षणासाठी लंडनला घेऊन गेली. तिथे तो सेंट पॉल्स शाळेत शिकला. घरी त्याला ‘लॅडी’ म्हणायचे. पोरगं यंत्रवेडं. शाळेत असतानाच खंदकातून डागायच्या तोफेचं रेखाटन करून त्याने युद्ध खात्याकडे धाडलं होतं. ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती मिळाली होती. पण त्याला उडायचं होतं. रॉयल फ्लाइंग कोअरने डोळे अधू म्हणून त्याला परत पाठवलं.

इथे पोराने चष्मा वर सरकवला.

मग इंद्रलालने स्वतःची मोटारसायकल विकली. ते पैसे घेऊन तो एका बड्या नेत्रतज्ज्ञाकडे गेला, डोळे पुन्हा तपासून घेतले, आणि त्या डॉक्टरच्या दाखल्यावर आधीचा निकाल फिरवून आणला. जुलै १९१७ मध्ये त्याला सेकंड लेफ्टनंटचं कमिशन मिळालं. त्या वर्षाच्या अखेरीला फ्रान्समध्ये त्याचं विमान कोसळलं. त्याला मेलेला समजून प्रेतघरात ठेवलं आणि शुद्धीवर येऊन त्याने दार ठोठावलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट घडलेली असो की रचलेली, तो वाचला आणि त्याला उड्डाणाला अपात्र ठरवलं हे खरं. त्या सक्तीच्या विश्रांतीत तो विमानांची चित्रं काढत बसला. ती चित्रं राहिली आहेत. तारा, पंखांचे ताण, इंजिनाची बसवण, सगळं बारकाईने. ज्याला विमान आतून कळलंय त्याच्याच हाताची ती रेघ.

पुन्हा खटपट करून तो पात्र ठरला आणि जून १९१८ मध्ये ४० नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये परत फ्रान्सला गेला. तिथे त्याला जॉर्ज मॅकएलरॉय नावाचा निष्णात आयरिश वैमानिक वरिष्ठ म्हणून लाभला. ६ जुलैला पहिलं विमान. ८ जुलैला एका दिवसात तीन. १९ जुलैला दहावं. आणि २२ जुलैला कार्व्हिन गावावर जर्मन फोकर विमानांशी झालेल्या झटापटीत त्याचं विमान पेट घेऊन पडलं. सप्टेंबरमध्ये त्याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झाला. ते पदक मिळवणारा तो पहिला भारतीय, पण तेव्हा तो नव्हता. मॅकएलरॉयही नव्हता, इंद्रलालनंतर नवव्या दिवशी, ३१ जुलैला, तोही गेला. ती पिढी अशी आठवड्याआठवड्याने संपत होती.

“मोटारसायकल कुठली होती?” पोराने विचारलं.

हा प्रश्न मला फार आवडला. दहा या आकड्यावर कुणाला असा प्रश्न सुचत नाही. आपण रणात पडलेल्या मुलांना वीर म्हणतो, चौकाला नाव देतो, पंधरा ऑगस्टला हार घालतो, आणि हे सगळं करता करता त्या मुलाचं मुलगेपण पुसून टाकतो. पराक्रम उरतो, पोरगं जातं. मला वाटतं, स्मरण करायचंच तर त्याने गाडी विकली तिथून सुरू करावं. एकोणीस वर्षांच्या मुलाला गाडी विकताना काय वाटतं हे प्रत्येक घराला कळतं.

चहा देणारे गृहस्थ थोडं चाचरत म्हणाले, “पण तो तर इंग्रजांसाठी लढला.” हा सल इथे जुना आहे. ज्या बंगालने खुदीराम, बाघा जतीन असे क्रांतिकारक पाहिले, त्याच्या या शहराला राजाच्या विमानात बसलेल्या मुलाचं काय करायचं हे नीट ठरवता आलेलं नाही. इंग्लंडच्या आठवणीत तो काळा म्हणून कडेला, आपल्या आठवणीत तो इंग्रजांचा म्हणून कडेला. मला हे अन्यायाचं वाटतं. १९१८ चा उन्हाळा आठवून पाहावा. त्याच महिन्यांत गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून सैन्यभरतीसाठी माणसं मागत होते. टिळकांनी गांधीजींना पन्नास हजार रुपयांचा चेक पाठवला होता: सरकारने हिंदी माणसांना सैन्यात अधिकाऱ्यांच्या जागा देण्याचं वचन द्यावं, मग महाराष्ट्रातून पाच हजार माणसं मी उभी करीन, न केली तर हे पैसे बुडाले समजा. गांधीजींनी तो परत केला हा भाग वेगळा. पण टिळकांचं म्हणणं नेमकं काय होतं? मरायला आमची माणसं चालतात, तर हुकूम द्यायलाही चालली पाहिजेत. इंद्रलालच्या खांद्यावरची पट्टी म्हणजे तोच झगडा एका मुलाने आपल्या परीने जिंकलेला होता. तो कुणाचा मिंधा नव्हता. त्याला नाही म्हटलं गेलं आणि त्याने ते ऐकून घेतलं नाही.

त्या युद्धात विमानातून लढलेले हिंदी वैमानिक चारच. सरदार हरदितसिंग मलिक, कोलकात्याचाच एरॉल चंदर सेन, इंद्रलाल, आणि चौथा आपला, मुंबईचा. श्रीकृष्ण वेलिंगकर. केंब्रिजला शिकलेला तरुण. त्यालाही सहजासहजी घेतलं नाही; अधिकारी म्हणून नको, यंत्रदुरुस्तीला मेकॅनिक म्हणून ये, असं सांगून पाहिलं गेलं. तो अडून बसला. अखेर कमिशन घेऊन २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन विमान उडवू लागला. २७ जून १९१८ रोजी गस्तीवर गेला तो परतला नाही. जर्मनांच्या ताब्यात, जखमी अवस्थेत, ३० जूनला त्याने प्राण सोडले. जर्मनांनी पुरताना नाव भलतंच लिहिलं, त्यामुळे युद्ध संपल्यावरही त्याचा ठावठिकाणा लागेना. शोधाशोध करून कबर ओळखली गेली तेव्हा काही वर्षं उलटली होती. सोम नदीच्या परिसरात हॅंगार्डच्या दफनभूमीत तो आहे. इंद्रलालच्या आधी बावीस दिवस तो गेला.

कोलकात्यात निदान रस्ता तरी आहे, आणि ओट्यावर बसलेल्या माणसाला “फार लहान वय” एवढं तरी ठाऊक आहे. १९९८ मध्ये जन्मशताब्दीला टपाल खात्याने इंद्रलालचं तिकीटही काढलं. वेलिंगकरांचं नाव मी पुण्यामुंबईच्या कितीतरी वाचत्या माणसांसमोर घेऊन पाहिलं आहे. ते त्या नावाच्या मॅनेजमेंट कॉलेजबद्दल विचारतात.

मी साताऱ्याची. आमच्याकडे सैन्य ही बातमी नसते, घरातली गोष्ट असते. जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी. त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. सातारा-रत्नागिरीच्या किती गावांत, चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत, इंग्रज सरकारने बसवलेली दगडी पाटी दिसते: या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांतले इतके मेले. बस. नाव एकाचंही नाही. लहानपणी आमच्या आजोळच्या पाटीवर मी बोट फिरवायची. अक्षरांत चुना भरलेला असायचा, मेलेल्यांचा आकडा खोल कोरलेला: तीन. ते तीन कोण, हे आजीला विचारलं तर ती एकाचं नाव सांगायची, ते घर दाखवायची, आणि बाकीच्या दोघांचं तिलाही सांगता येत नसे. हिंदुस्थानचे ७४ हजार त्या युद्धात गेले. १०३वी आणि ११०वी मराठा पलटण मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात उपाशी राहिली, घोड्याचं मांस समोर असून कित्येकांनी खाल्लं नाही. नझरुलची ४९वी बंगाली पलटणही पुढे त्याच मेसोपोटेमियात गेली. तिच्या मृतांचं स्मारक इथे कॉलेज स्क्वेअरमध्ये आहे, त्यावर नावं आहेत. परतताना आम्ही तिथेही गेलो. पुस्तकांच्या दुकानांची गर्दी ओलांडून आत तलावाच्या बाजूला. पोराने नावं मोठ्याने वाचली. सांगायचं म्हणजे, ही माणसं बसरा-बगदादच्या बाजूला बहुतेक तापाने, रोगाने गेली, तोफेच्या गोळ्याने नव्हे. त्यांच्या नावाने कुणी कथा सांगत नाही. पण नाव आहे, आणि वाचता येतं, हे काही थोडं नाही.

मराठी माणूस कोलकात्यात सैनिकांच्या आठवणी हुडकत फिरतो तेव्हा एक गोष्ट टाळता येत नाही. बागबाजारकडे ‘मराठा डिच लेन’ आजही आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या भीतीने या शहराने खंदक खणायला घेतला, पुढे तो बुजवून सर्क्युलर रोड झाला. बंगालच्या आया मुलांना झोपवताना आजही ‘बर्गी’ आल्याचं गातात. बर्गी म्हणजे आपले बारगीर. आपल्या पोवाड्यातला घोडेस्वार इथल्या अंगाईत भीती म्हणून आलेला आहे. हे ऐकून मला लाज वाटली असं नाही, पण बोलताना मी सावध झाले. शौर्य म्हणून आपण जे गातो ते कुणाच्या तरी अंगणात घडलेलं असतं.

एस्तव्हेलच्या इंद्रलालच्या कबरीवर बंगालीतही मजकूर आहे. वीराची समाधी आहे, मान राखा, हात लावू नका, अशा अर्थाचा. फ्रान्सच्या त्या सपाट, कोळशाच्या मुलखात बंगाली अक्षरं वाचणारं रोज कोण येत असेल? तरी कुणाला तरी वाटलं की त्याच्या उशाशी त्याची भाषा असावी. हॅंगार्डच्या दगडावर मराठी नाही. असायला हवी होती, असं मला फार वाटतं.

संध्याकाळी न्यू टाउनला परतलो तेव्हा भाची कणीक मळत होती. आज तिने विषय टाळला नाही, कारण पोराने तो टाळू दिला नाही. ओट्याला टेकून त्याने सगळं सांगितलं, मोटारसायकलपासून. डोळ्यांचा भाग दोनदा सांगितला. दहा हा आकडा सांगायला तो विसरला, हे माझ्या लक्षात आलं.

भाचीने पिठाचे हात तसेच ठेवून मला विचारलं, “मावशी, आणि त्याची आई?”

मी सांगितलं. ललिता रॉय लंडनमधल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत होत्या. जून १९११ मध्ये राजाच्या राज्याभिषेकाच्या वेळी बायकांचा प्रचंड मोर्चा निघाला, त्यात हिंदी स्त्रियांच्या तुकडीत त्या साडी नेसून चालत होत्या. त्याचा फोटो आहे. तेव्हा इंद्रलाल बारा वर्षांचा होता. फेब्रुवारी १९१८ मध्ये तीस वर्षांवरच्या बायकांना मत देणारा कायदा झाला. जुलैत मुलगा गेला. थोरला परेशलाल त्याच युद्धात सैनिक होता, तो वाचला, आणि पुढे याच कोलकात्यात त्याने मुष्टियुद्धाचा खेळ उभा केला.

“म्हणजे एक परत आला,” भाची म्हणाली.

तिने पोळी लाटायला घेतली. दोन पोळ्या झाल्यावर पोराकडे न बघता म्हणाली, “तो एनडीएचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे रे? आणि डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घे आधी. मी येते बरोबर.”